कर्नल अपडेटनंतर लिनक्स हँग होतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि सिन्नर, निफाड, दिंडोरी या तालुक्यांतले विद्यार्थी, शिक्षक, दुकानदार आणि वर्कशॉपवाले ‘कर्नल अपडेट झाला आणि मशीन हँग व्हायला लागले’ अशी तक्रार घेऊन जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांकडे लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटू किंवा लिनक्स मिंट असल्यामुळे उत्तरे त्यांना धरून लिहिली आहेत. डेबियन, फेडोरा किंवा आर्चमध्ये जेथे फरक पडतो तेथे तसे सांगितले आहे. कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत टाइप करावीत.

१. कर्नल म्हणजे नेमके काय? एका अपडेटने अख्खा संगणक हँग कसा होऊ शकतो?

प्रोसेसर, मेमरी, डिस्क, ग्राफिक्स आणि वाय-फाय यांच्याशी थेट व्यवहार करणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. ब्राउझर अडकला तर तेवढा बंद करून पुढे जाता येते; पण लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच चालत असल्यामुळे त्यांतला एखादा अडकला की त्याच्यावर विसंबलेले सगळेच थांबते.

मूळ प्रकल्पातून साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. तुमच्याकडे आलेले अपडेट कधी एकाच मालिकेतली किरकोळ दुरुस्ती असते, तर कधी संपूर्ण नवी मालिका असते. उबुंटू २२.०४ ही ५.१५ कर्नल घेऊन आली होती, पण तिच्या डेस्कटॉप वापरकर्त्यांना हार्डवेअर एनेबलमेंटच्या, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठी नवे कर्नल देण्याच्या मार्गाने टप्प्याटप्प्याने ६.८ पर्यंत नेण्यात आले, आणि प्रत्येक टप्पा अपडेटच्या त्याच नेहमीच्या खिडकीतून आला. ‘यूनेम -आर’ ही कमांड चालू कर्नलची आवृत्ती सांगते. पहिले दोन आकडे बदलले असतील तर मोठी उडी झाली आहे असे समजावे. फक्त शेवटचा आकडा बदलला असेल तर बदल लहान आहे, आणि दोष शोधणेही त्यामानाने सोपे जाते.

२. कालपर्यंत नीट चालणारा लॅपटॉप अपडेटनंतर हँग होतो आहे. सर्वांत आधी काय करावे?

जुन्या कर्नलने मशीन सुरू करून पाहावे. इतर कोणताही उपाय त्यानंतर.

नवा कर्नल बसताना जुना लगेच पुसला जात नाही. उबुंटू आणि मिंट सहसा आधीचा एक तरी कर्नल राखून ठेवतात, फेडोरा एकूण तीन ठेवते. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडावे आणि पुढच्या यादीतला आधीच्या आवृत्तीचा, पण ‘रिकव्हरी मोड’ असे न लिहिलेला कर्नल निवडावा. (मेनू दिसत नसेल तर प्रश्न ३ पाहावा.) मग ज्या कामात हँग होत होता तेच काम करावे. पूर्वी तासाभरात हँग होत असेल तर दिवसभर वापरून पाहावे. दोन-तीन दिवसांतून एकदा होत असेल तर आठवडाभर तरी जुन्या कर्नलवर राहावे, कारण दोन तास नीट चालले यावरून अशा वेळी काहीच सिद्ध होत नाही.

जुन्यावर ठीक, नव्यावर हँग, आणि पुन्हा जुन्यावर ठीक असे उलटसुलट करून दिसले, तर दोष नव्या कर्नलचा किंवा त्याच्याशी जोडलेल्या ड्रायव्हरचा आहे हे जवळजवळ नक्की होते. जुन्या कर्नलवरही मशीन हँग होत असेल तर प्रश्न १२ कडे वळावे. येथे एक बारकावा आहे. अपडेटच्या त्याच फेरीत फर्मवेअर, ग्राफिक्सची मेसा लायब्ररी आणि डेस्कटॉपचे भागही बदललेले असू शकतात, आणि जुना कर्नल निवडला म्हणून ते मागे जात नाहीत. त्या दिवशी नेमके काय काय बसले ते ‘/व्हार/लॉग/आप्ट/हिस्टरी.लॉग’ या फाइलीत तारीखवार लिहिलेले असते. ती फाइल वाचायला पाच मिनिटे लागतात आणि पुढची बरीच धावपळ वाचते.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. छडा लागेपर्यंत ‘आप्ट ऑटोरिमूव्ह’ चालवू नये, कारण तुमचा आधाराचा जुना कर्नल त्यात निघून जाऊ शकतो. आणि फॉरमॅट करू नये. नव्याने इन्स्टॉल केलेली सिस्टिम पहिल्याच अपडेटला तोच कर्नल पुन्हा आणते. दोष जागेवर राहतो आणि पुरावा तेवढा पुसला जातो.

३. ग्रब मेनू दिसतच नाही, थेट लॉगिन येते. जुना कर्नल निवडणार कसा?

मशीनवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर उबुंटू आणि मिंट हा मेनू लपवतात. यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचे बायोस असलेल्या मशीनवर कंपनीचा लोगो जाताच एस्केप एकदा दाबावी. जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरावी. एस्केप एकाहून अधिक वेळा दाबली गेली तर ‘ग्रब’ असे लिहिलेली काळी ओळ येते. तेथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर दाबावे आणि लगेच एस्केप एकदा दाबावी.

दर वेळी ही कसरत नको असेल तर ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलीत ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल’ पुढे ‘मेनू’ आणि ‘ग्रब_टाइमआउट’ पुढे १० लिहावे. त्याच फाइलीत ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ आणि ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू’ लिहिले तर शेवटी निवडलेला कर्नल पुढच्या वेळीही आपोआप निवडला जातो. बदलानंतर ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवणे आवश्यक आहे.

आर्च वापरणाऱ्यांकडे ‘लिनक्स’ हे एकच पॅकेज असेल तर मागची आवृत्ती मेनूत मिळत नाही. त्यांनी दीर्घकालीन कर्नलचे ‘लिनक्स-एलटीएस’ हे पॅकेज कायम सोबत बसवून ठेवावे. तोपर्यंत पॅकमनच्या कॅश फोल्डरमधली जुनी पॅकेज फाइल ‘पॅकमन -यू’ ने पुन्हा बसवता येते.

४. स्क्रीन गोठली आहे. पॉवर बटण दाबून धरले तर चालेल का?

तो शेवटचा उपाय ठेवावा, कारण त्याने डिस्कवर लिहायचे राहिलेले सगळे जाते आणि त्यात लॉगच्या शेवटच्या ओळीही असतात. आधी मशीन किती खोलवर अडकले आहे ते पाहावे.

माउसचा बाण हलतो पण काहीच उघडत नाही, गाणे मात्र चालू आहे, अशा वेळी बहुधा फक्त डेस्कटॉप किंवा ग्राफिक्स अडकलेले असते. कंट्रोल, अल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळ्या पडद्याचे लॉगिन येते का ते पाहावे. आले तर तेथून ‘सुडो रिबूट’ देता येते. तेही आले नाही तर कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा बदलतो का ते पाहावे. दिवा बदलत असेल तर कर्नल अजून कीबोर्ड ऐकतो आहे. घरातल्या दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून टर्मिनल उघडून, आत जाता आले, तर तो सर्वांत उत्तम मार्ग; मात्र त्यासाठी एसएसएच सर्व्हर आधीच बसवलेला हवा.

काहीच प्रतिसाद नसेल तर कीबोर्डवरून थेट कर्नलला आज्ञा देणारे मॅजिक सिसआरक्यू वापरावे. अल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरून एस, यू आणि बी ही अक्षरे दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबावीत. एस मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहिते, यू डिस्क फक्त-वाचनाच्या अवस्थेत नेते आणि बी मशीन पुन्हा सुरू करते. अनेक लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीनसोबत एफएन कीही धरावी लागते. या अक्षरांच्या आधी आर, ई, आय दाबा असे सगळीकडे लिहिलेले असते. पण उबुंटूत सिसआरक्यूचे मूल्य १७६ असते, म्हणजे १२८, ३२ आणि १६ या तीन परवानग्यांची बेरीज, आणि त्यांत रिबूट, फक्त-वाचन आणि सिंक एवढेच बसते. फेडोरात हे मूल्य १६ आहे, त्यामुळे तेथे फक्त एस चालते. तपासाच्या काळापुरते ‘सुडो सिसकंट्रोल कर्नल.सिसआरक्यू=१’ देऊन सर्व परवानग्या खुल्या करता येतात.

५. हँग होऊन मशीन पुन्हा सुरू केले. कारण कुठे सापडेल?

‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ ही कमांड मागच्या वेळच्या, म्हणजे हँग झालेल्या सत्राच्या कर्नल नोंदी दाखवते. शिफ्ट आणि जी दाबून थेट शेवटी जावे आणि तेथून वर वाचत यावे. सगळ्या तांबड्या ओळींना घाबरू नये. सुरळीत चालणाऱ्या मशीनवरही तशा काही असतात. जुन्या कर्नलच्या सत्रात ज्या ओळी नव्हत्या आणि नव्याच्या सत्रात आल्या, त्याच आपल्या कामाच्या.

‘वॉचडॉग: बग: सॉफ्ट लॉकअप – सीपीयू#२ स्टक फॉर २२एस’ अशी ओळ असेल तर प्रोसेसरचा एक कोअर वीस सेकंदांहून अधिक काळ कर्नलमध्येच अडकून पडला होता. त्याच ओळीत पुढे प्रोसेसचे नाव आणि खाली ‘कॉल ट्रेस’ नावाची यादी असते; त्या यादीत एखाद्या ड्रायव्हरचे नाव पुन्हा पुन्हा दिसले तर संशय त्याच्यावर घ्यावा. ‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स’ या ओळीचा अर्थ वेगळा आहे: कोणती तरी प्रोसेस दोन मिनिटे कशाची तरी वाट पाहत राहिली, आणि बहुतेक वेळा ती वाट डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरची असते. इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ‘जीपीयू हँग’, एएमडीसाठी ‘रिंग’ आणि ‘टाइमआउट’ हे शब्द एकत्र, आणि एनव्हिडियासाठी ‘एक्सआयडी’ व त्यापुढचा क्रमांक शोधावा. एक्सआयडी ७९ म्हणजे कार्डाचा मदरबोर्डशी संपर्कच तुटला. ‘आउट ऑफ मेमरी’ दिसले तर कर्नलला दोष देण्याआधी प्रश्न १२ वाचावा.

६. लॉगमध्ये काहीच नाही. नोंदी मध्येच तुटल्या आहेत.

हा प्रश्न फार वेळा येतो आणि त्यात वापरकर्त्याची काही चूक नसते. लॉग ठेवणारी जर्नलडी ही सेवा साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करण्याचे काम मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांतून एकदा करते. फक्त अतिगंभीर नोंदी ती ताबडतोब लिहिते. म्हणून हँग होण्याआधीची नेमकी महत्त्वाची मिनिटे हरवतात. ‘/ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ’ या फाइलीत ‘सिंकइंटरव्हलसेक’ पुढे १०एस लिहून जर्नलडी पुन्हा सुरू केली की ही खिडकी दहा सेकंदांवर येते. मागच्या सत्राच्या नोंदी मुळीच नसतील तर ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर आहे का ते पाहावे. ते नसेल तर नोंदी फक्त मेमरीत राहतात आणि रिबूटबरोबर जातात.

मशीन एका झटक्यात संपूर्ण गोठत असेल तर डिस्कवर लिहायला वेळच मिळत नाही. अशा वेळी दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत जाऊन ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवावे. तुमचे मशीन गोठले तरी शेवटच्या ओळी त्या दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर उरतात. त्याहून पक्का मार्ग नेटकन्सोलचा, ज्यात कर्नल स्वतःच नोंदी तारेच्या नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला पाठवतो. वाय-फायवर तो भरवशाचा नाही. कॅप्स लॉकचा दिवा आपोआप उघडझाप करत असेल तर तो कर्नल पॅनिक आहे, म्हणजे कर्नल स्वतःच गंभीर चुकीमुळे थांबला आहे. त्याची नोंद यूईएफआयच्या साठ्यात राहिलेली असू शकते आणि पुढच्या बूटनंतर ती ‘/व्हार/लिब/सिस्टिमडी/पीस्टोअर’ येथे सापडते.

७. एनव्हिडिया कार्ड आहे. अपडेटनंतर लोगोवरच अडकते किंवा काळा पडदा येतो.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर तयार होतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा भाग, पुन्हा बांधावे लागते. हे काम डीकेएमएस नावाचे साधन करते, आणि त्यासाठी लागणारे कर्नलचे हेडर पॅकेज नसेल किंवा ड्रायव्हर जुना असेल तर ते अपुरे राहते. जुन्या कर्नलमध्ये जाऊन ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवावे. नव्या कर्नलच्या आवृत्तीपुढे ‘इन्स्टॉल्ड’ लिहिलेले नसेल तर कारण सापडले. त्या आवृत्तीचे ‘लिनक्स-हेडर्स’ पॅकेज बसवून ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के’ आणि पुढे नव्या कर्नलची आवृत्ती अशी कमांड द्यावी. आवृत्ती सांगितली नाही तर मॉड्यूल चालू, म्हणजे जुन्याच कर्नलसाठी बांधले जाते. उबुंटूची तयार, सही केलेली मॉड्यूल पॅकेजेस वापरत असाल तर डीकेएमएसमध्ये काही दिसणार नाही. तेव्हा ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया’ ने सुरू होणारे पॅकेज नव्या कर्नलसाठी आले आहे का ते पाहावे.

फक्त ओळखीची सही असलेलेच कर्नल व मॉड्यूल चालू देणारे सिक्युअर बूट चालू असेल तर डीकेएमएसने बांधलेल्या मॉड्यूलची सही मशीनने ओळखावी लागते. ड्रायव्हर बसवताना पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ असा पर्याय येतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबले गेले तर मॉड्यूल लोड होत नाही. ‘मॉकयुटिल’ या साधनाने ती पायरी पुन्हा करता येते.

पडदाच येत नसेल तर तात्पुरते आत जाण्यासाठी ग्रब मेनूत ई दाबावे, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहावे आणि एफ१० दाबावे. हा बदल एका बूटपुरताच असतो. एनव्हिडियाची जुन्या फर्मी पिढीची कार्डे ३९० या ड्रायव्हर शाखेवर अडकली असून त्या शाखेला एनव्हिडियाचा आधार २०२२ नंतर उरलेला नाही. अशा कार्डांसाठी मुक्त नूव्हो ड्रायव्हर किंवा जुनी दीर्घकालीन कर्नल मालिका हेच मार्ग आहेत.

८. इंटेल किंवा एएमडीचे अंगभूत ग्राफिक्स आहे. पडदा लुकलुकतो आणि मग सगळे थांबते.

पॅनेल सेल्फ रिफ्रेश या वीज वाचवणाऱ्या सोयीवर पहिला संशय घ्यावा. इंटेलसाठी ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ आणि एएमडीसाठी ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०’ हे पॅरामीटर प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने आधी एका बूटपुरते द्यावेत. गुण आला तरच ते ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ मधल्या ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ या ओळीत कायम करावेत.

लुकलुकणे फार तीव्र असेल तर प्रयोग करत बसू नये, लगेच जुन्या कर्नलवर यावे. २०२२ मध्ये ५.१९.१२ या आवृत्तीत इंटेल ग्राफिक्सच्या काही लॅपटॉपवर पडद्याच्या वीजपुरवठ्याच्या वेळा चुकत होत्या आणि पॅनेलला इजा होण्याचा धोका असल्यामुळे ती वापरू नका असे ड्रायव्हरच्या विकासकांनीच सांगितले होते, ५.१९.१३ मध्ये दुरुस्ती आली.

९. काम करताना काही होत नाही. पाच-दहा मिनिटे तसाच ठेवला की मात्र गोठतो.

भार पडल्यावर नीट आणि रिकामा असताना हँग, हे प्रोसेसर खोल झोपेच्या अवस्थांत जाताना अडकत असल्याचे लक्षण आहे. इंटेलच्या बे ट्रेल पिढीतल्या प्रोसेसरांवर, म्हणजे सेलेरॉन जे१९०० किंवा एन२८४० असलेल्या स्वस्त डेस्कटॉप-लॅपटॉपवर, हा दोष अनेक वर्षे कुप्रसिद्ध होता. ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ या पॅरामीटरने तो थांबतो; बॅटरी मात्र लवकर उतरते. रायझनच्या पहिल्या पिढीसाठी बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय शोधून तेथे ‘टिपिकल करंट आयडल’ निवडावे.

एनव्हीएमई डिस्कही असेच करते. डेस्कटॉप दिसत राहतो, पण प्रत्येक कमांडला ‘इनपुट/आउटपुट एरर’ किंवा ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असे उत्तर येते. तेव्हा ‘एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’ हे पॅरामीटर वापरून डिस्कची झोप बंद करावी आणि डेटाची प्रत लगेच घ्यावी.

१०. झाकण बंद करून उघडल्यावरच अडकतो. हा वरचाच दोष आहे का?

नाही. ‘कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप’ चालवून कोणता शब्द चौकटी कंसात आहे ते जुन्या आणि नव्या दोन्ही कर्नलवर पाहावे. ‘एस२आयडल’ कंसात असेल आणि शेजारी ‘डीप’ हाही पर्याय असेल, तर ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ हे पॅरामीटर देऊन पाहावे. नव्या लॅपटॉपांपैकी अनेकांत ‘डीप’ उपलब्धच नसते. त्यांच्यासाठी बायोस अपडेट आणि ग्राफिक्स ड्रायव्हर (प्रश्न ७ व ८) याच दिशेने जावे लागते.

११. हँगही होत नाही, बूटच होत नाही. ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ असे लिहून येते.

बहुतेक वेळा नव्या कर्नलची इनिट्रॅमएफएस फाइल (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर हिच्यात असतात) तयारच झालेली नसते, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे भरलेले ‘/बूट’ पार्टिशन. डिस्क एनक्रिप्ट करून इन्स्टॉल केलेल्या मशीनवर हे पार्टिशन वेगळे आणि लहान असते. जुन्या कर्नलने आत जाऊन ‘डीएफ -एच /बूट’ पाहावे, चालू कर्नल सोडून त्याहून जुने कर्नल पॅकेज व्यवस्थापकातूनच काढावेत, मग ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलची आवृत्ती लिहून फाइल तयार करावी, आणि शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवावे. ‘/बूट’ मधल्या फाइली हाताने पुसू नयेत. अपडेट चालू असताना वीज गेली असेल तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही पहिली कमांड ठरते. पावसाळ्याच्या तोंडावर वादळवाऱ्याने आपल्याकडे वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर अपडेट सुरू करू नये, एवढी काळजी घेतली तर हा प्रसंग बहुधा येतच नाही.

१२. जुन्या कर्नलवरही हँग होतो. मग अपडेटनंतरच का सुरू झाले?

बऱ्याचदा तो केवळ योगायोग असतो. अपडेटसाठी मशीन रिबूट होते, लोक त्या दिवसापासून लक्ष ठेवू लागतात, आणि आधीपासून असलेला दोष नजरेत येतो.

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो तेव्हा येणाऱ्या तक्रारींत उष्णतेचा वाटा मोठा असतो, असे माझे निरीक्षण आहे. ‘सेन्सर्स’ ही कमांड चालू ठेवून व्हिडिओ कॉल करावा. तापमान ९५ अंशांच्या पुढे जात असेल आणि लॉगमध्ये ‘टेंपरेचर अबव्ह थ्रेशोल्ड’ दिसत असेल तर पंखा साफ करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. कर्नल बदलून ते काम होणार नाही.

चार जीबी रॅमवर ब्राउझरच्या वीस टॅब उघडल्या की मशीन हळूहळू जड होत जाते, डिस्कचा दिवा सतत जळतो आणि शेवटी माउसही हलत नाही. ही मेमरीची ओढाताण आहे. ‘फ्री -एच’ ने ती दिसते. मेमरीतला मजकूर दाबून कमी जागेत बसवणारे झेडरॅम बसवल्याने फरक पडतो, आणि अर्लीऊम नावाची लहान सेवा मशीन गोठण्याच्या आत सर्वांत मोठी प्रोसेस बंद करते. रॅमच खराब असल्याचा संशय असेल तर महात्मा गांधी रोडवर जाऊन नवी घेण्याआधी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवावे. एकही त्रुटी दिसली तरी ती पट्टी बदलावी. डिस्कसाठी ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ आणि पुढे डिस्कचे नाव द्यावे. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याहून अधिक असेल तर बाकी सगळा तपास बाजूला ठेवून आधी डेटा दुसरीकडे हलवावा.

१३. कर्नलचे अपडेट कायमचे बंद करता येईल का?

तात्पुरते करावे, कायमचे करू नये. ‘सुडो आप्ट-मार्क होल्ड’ या कमांडपुढे ‘लिनक्स-जेनेरिक’, ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’ आणि ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ ही नावे लिहिली की नवा कर्नल येणे थांबते. तुमच्याकडे हार्डवेअर एनेबलमेंटची मालिका असेल तर नावे तिच्याप्रमाणे बदलतात. ‘अनहोल्ड’ ने रोखणे उठते. पण कर्नल अपडेटमधूनच सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. २०२२ मध्ये उघड झालेल्या डर्टी पाइप या त्रुटीमुळे साध्या वापरकर्त्याला मशीनचा पूर्ण ताबा घेता येत होता, आणि ५.८ पासूनच्या कर्नलांना तिची दुरुस्ती ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या आवृत्त्यांतून मिळाली. त्या वेळी कर्नल रोखून बसलेले मशीन उघडेच राहिले.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे शांत मालिकेवर जाणे. उबुंटूत ‘लिनक्स-जेनेरिक’ बसवून मूळ मालिकेवर राहता येते (२४.०४ साठी ती ६.८ आहे), मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ ही सोय आहे. स्थिर मालिकाही चुकत नाही असे नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ या कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइल सिस्टिमचा डेटा बिघडवणारा दोष सापडल्यामुळे डेबियनने १२.३ चे प्रकाशन थांबवले आणि दुरुस्तीसह थेट १२.४ दिली.

कॉलेजच्या लॅबची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की नवा कर्नल आधी एकाच मशीनवर बसवावा, त्यावर आठवडाभर विद्यार्थ्यांना नेहमीचे काम करू द्यावे, आणि मगच इतर मशीनवर न्यावा. परीक्षेच्या आठवड्यात काहीच बदलू नये.

१४. अंबडच्या वर्कशॉपमध्ये लिनक्ससीएनसीवर (कापणीची यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर) मशीन चालते. अपडेटनंतर ‘अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले’ येते आणि मशीन अडखळते.

येथे वरचे बहुतेक उपाय लागू होत नाहीत. लिनक्ससीएनसीला रिअलटाइम, म्हणजे ठरल्या वेळेतच प्रतिसाद देणारा कर्नल लागतो, आणि अपडेटनंतर मशीन साध्या कर्नलवर सुरू झालेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ‘यूनेम -ए’ च्या उत्तरात ‘प्रीएम्प्ट_आरटी’ हे शब्द आहेत का ते पाहावे; नसतील तर ग्रब मेनूतून रिअलटाइम कर्नल निवडून तोच कायम करावा (प्रश्न ३). प्रीएम्प्ट_आरटी ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आले असले तरी ते तयार करताना चालू केलेले असावे लागते, म्हणून ६.१२ आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

कर्नल योग्य असूनही संदेश येत असेल तर ‘लेटन्सी-टेस्ट’ चालवून, सोबत ब्राउझर आणि फाइल कॉपी करण्यासारखे ओझे देऊन, कमाल जिटर, म्हणजे वेळेतली चूक, पाहावा. पॅरलल पोर्टवरून सॉफ्टवेअर स्टेपिंग करणाऱ्यांसाठी (मोटरला पाऊल टाकण्याचे इशारे संगणकच देतो अशांसाठी) १५ ते २० मायक्रोसेकंदांपर्यंतचा आकडा उत्तम असतो, ३० ते ५० मध्ये वेग कमी ठेवावा लागतो, आणि १०० च्या पुढे ते मशीन या कामाचे नाही. प्रश्न ९ मधली प्रोसेसरची झोप बंद करणे येथे फायद्याचे ठरते.

कापणी चालू असलेल्या मशीनच्या संगणकाला आपोआप अपडेट होऊ देऊ नये. तो इंटरनेटपासून तोडलेला असावा, चालू अवस्थेतल्या डिस्कची पूर्ण प्रत कपाटात असावी, आणि अपडेट केलेच तर पहिली फेरी टूल न लावता, हात इमर्जन्सी स्टॉपजवळ ठेवून घ्यावी.

१५. दोष नक्की नव्या कर्नलचाच आहे. कळवायचे कुणाला आणि कसे?

अवश्य कळवावे, कारण तुमचे मॉडेल विकासकांच्या टेबलावर नसते. चालणारी व्यवस्था नव्या कर्नलने मोडता कामा नये हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम आहे, आणि म्हणून ‘अमुक आवृत्तीपर्यंत ठीक, तमुकपासून हँग’ एवढे नेमके सांगितलेली तक्रार गांभीर्याने घेतली जाते. शेवटची चांगली आणि पहिली वाईट अशा दोन आवृत्त्या, मशीनचे पूर्ण मॉडेल, प्रश्न ५ मधला लॉग आणि हँग हटकून घडवून आणण्याची कृती एवढे हाताशी ठेवावे. उबुंटूवर ‘उबुंटू-बग लिनक्स’ ही कमांड बरीचशी माहिती स्वतः गोळा करते.

मूळ कर्नल प्रकल्पाकडे जायचे असेल तर आधी उबुंटूच्या मेनलाइन संग्रहातला बदल न केलेला कर्नल बसवून दोष तेथेही दिसतो का ते पाहावे. त्या कर्नलवर सही नसल्यामुळे सिक्युअर बूट तेवढ्यापुरते बंद करावे लागते. कर्नलमध्ये बाहेरचे काही मिसळले आहे का ते सांगणाऱ्या ‘/प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड’ या फाइलीत शून्य असावे. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर लोड असेल तर शून्य राहत नाही आणि तक्रार बहुधा पुढे सरकत नाही. ज्यांना कर्नल स्वतः बांधता येतो त्यांनी ‘गिट बायसेक्ट’ करावे, म्हणजे चांगल्या आणि वाईट आवृत्तीच्या मधला कर्नल बांधून तपासत जावे. प्रत्येक पायरीला उरलेले बदल निम्मे होत असल्यामुळे सोळा हजार बदलांतूनही साधारण चौदा बांधण्यांत दोषी बदल सापडतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी हे करून पाहावे.

१६. नव्या अपडेटने दोष गेला. ग्रबमध्ये लिहिलेली पॅरामीटर तशीच ठेवू का?

काढून टाकावीत, पण एका वेळी एकच. प्रत्येक पॅरामीटर काढल्यावर काही दिवस मशीन नेहमीसारखे वापरावे आणि मगच पुढचे काढावे. ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ सारखी ओळ विसरून राहिली तर बॅटरी विनाकारण जळत राहते, आणि ‘नोमोडसेट’ राहिले तर ग्राफिक्स कार्ड असूनही सगळे काम प्रोसेसरवर पडते. कोणते पॅरामीटर कोणत्या तारखेला आणि कशासाठी घातले, हे त्याच फाइलीत हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीत लिहून ठेवावे. होल्ड केलेली पॅकेजेस ‘आप्ट-मार्क शोहोल्ड’ ने तपासावीत आणि कारण संपले असेल तर तीही सोडवावीत.